पिल्लू खाली, मांजर कपाटावर

या अंकासाठी निवडलेली पत्रं एकाच प्रसंगातली आहेत. घरात मांजराचं राज्य आहे, आणि त्यात कुत्र्याचं पिल्लू येणार आहे किंवा नुकतंच आलं आहे.

प्रश्न : आमच्याकडे ६ वर्षांचा बोका आणि ३ वर्षांची मांजरी आहे. पुढच्या आठवड्यात ८ आठवड्यांचं पिल्लू आणतोय. बोका भित्रा आहे, दाराची बेल वाजली तरी पलंगाखाली जातो. पहिल्या दिवशी भेट कशी घालून द्यायची?

उत्तर : पहिल्या दिवशी भेट घालूच नका. त्या दिवशी मांजरांना पिल्लाचा वास आला आणि दाराआडून आवाज ऐकू आला, एवढं पुष्कळ झालं. खरं काम पिल्लू येण्याआधीचं आहे आणि ते आजच सुरू करा.

मांजराला कुत्र्याचा धसका असतोच, पण त्याहून मोठा धसका कोंडीत सापडण्याचा असतो. पळायला वाट दिसत असेल तर ते थांबून बघतं. वाट नसली की पंजा उगारतं. म्हणून जिथे पिल्लाचा वावर असेल त्या खोल्यांत जमिनीला पाय न लावता दारापासून खिडकीपर्यंत जाता येईल अशी रचना करा. स्टूल, मग टेबल, मग कपाट किंवा भिंतीवरची फळी. फळी साधारण दीड मीटर उंचीवर आणि निदान ३० सेंटीमीटर रुंद असावी, वर सतरंजीचा तुकडा घट्ट बसवावा. गुळगुळीत फळीवरून एकदा पाय घसरला की मांजर पुन्हा तिकडे फिरकत नाही. चढायची आणि उतरायची जागा वेगवेगळी हवी. एकच वाट ठेवली तर पिल्लू नेमकं तिच्या पायथ्याशी ठाण मांडतं आणि मांजर तासन्‌तास वर अडकून बसतं. मग ते वरच लघवी करतं, आणि घरातले म्हणतात, मांजर बिघडलं.

लिटर बॉक्स (मांजराच्या शी-शूसाठी मातीची पेटी) मांजरांच्या संख्येपेक्षा एक जास्त, म्हणजे तुमच्याकडे ३ हवेत, आणि पिल्लाची पोच नसलेल्या जागी. जागा बदलायची असेल तर जुना बॉक्स तसाच ठेवून नवा मांडा. मांजरं आठवडाभर नवा नीट वापरू लागली की जुना उचला. हे सगळं पिल्लू आल्यावर करायला गेलात तर मांजराच्या डोक्यावर दोन संकटं एकदम कोसळतील. मांजराच्या गालांतून सुटणाऱ्या गंधाची नक्कल करणारे डिफ्युझर (हवेत गंध सोडणारी लहान उपकरणं) मिळतात. काही मांजरांना त्यांचा उपयोग होतो. लावायचाच असेल तर पिल्लू येण्याच्या काही दिवस आधी मांजरांच्या खोलीत लावा, सोफ्यामागे किंवा पडद्याआड नको. पण डिफ्युझर लावला म्हणून पुढची एकही पायरी गाळता येणार नाही.

पिल्लासाठी एक खोली ठरवा. बोक्याची झोपायची खोली मात्र त्याला देऊ नका. पिल्लू आलं की आधी बाहेर लघवी करवून घ्या, मग थेट त्या खोलीत न्या. दार बंद. किमान ३ दिवस हे दार मांजरांसमोर उघडायचं नाही. या काळात वासाची देवाणघेवाण करा. मऊ, स्वच्छ फडकं मांजराच्या गालावरून आणि हनुवटीखालून हलकेच फिरवा, पिल्लाच्या खोलीत ठेवा आणि त्याशेजारी खाऊ टाका. दुसरं फडकं पिल्लाच्या अंगावरून फिरवून मांजरांच्या वावरात ठेवा. ते जेवणाच्या वाटीजवळ किंवा अंथरुणावर ठेवायचं नाही. मांजराला टाळता येईल अशा मोकळ्या कोपऱ्यात ठेवा. मांजरानं हुंगलं आणि काही विशेष नसल्यासारखं निघून गेलं, तर पुढे जा. फिस्कारलं, तर फडकं आणखी लांब सरकवा आणि दोन दिवस थांबा.

मग गेट. लहान मुलांसाठी दारात बसवतात तसलं बेबी गेट चालेल, पण खालून पिल्लू आणि मधून त्याचं डोकं जाणार नाही एवढ्या बारीक फटी हव्यात. पहिल्या वेळी गेटवर चादर टाका आणि खालून वीतभर उचला. आतल्या बाजूला पिल्लू हार्नेस (मानेऐवजी छातीभोवती बसणारा पट्टा) घालून, दीड-दोन मीटरच्या साध्या पट्ट्यावर, गेटपासून ३-४ मीटर लांब. गुंडाळला जाणारा स्प्रिंगचा पट्टा नको, झडप घेतली की तो सुटत जातो. बाहेरच्या बाजूला मांजरं मोकळी. यायचं की नाही ते त्यांनी ठरवायचं. मांजराला उचलून पिल्लापुढे धरू नका. ते हातातून सुटायला बघतं, नखं तुमच्या मानेत रुततात आणि पिल्लाची आठवण या घाबरण्याला कायमची चिकटते.

यातलं सगळ्यात महत्त्वाचं काम दोन सेकंदांचं आहे. पिल्लाची नजर मांजराकडे गेली की लगेच ‘छान’ म्हणा आणि वाटाण्याएवढा खाऊ त्याच्या तोंडाशी न्या, मांजराच्या विरुद्ध बाजूनं, म्हणजे मान आपसूक वळते. उशीर केलात तर नजर खिळते, अंग ताठरतं, आणि मग खाऊ नाकाला टेकवला तरी पिल्लाला दिसत नाही. असं झालं तर अंतर कमी पडलं असं समजा आणि मागे सरका. २०-३० वेळा हे झालं की एक क्षण येतो: मांजर दिसतं आणि पिल्लू स्वतःहून वळून तुमच्या हाताकडे बघतं. तो क्षण आला म्हणजे पुढची पायरी गाठायला हरकत नाही. एका वेळी ५ मिनिटं, दिवसातून ३-४ वेळा, आणि सगळं सुरळीत चाललेलं असतानाच थांबायचं. हा सगळा खाऊ पिल्लाच्या रोजच्या आहारातूनच काढा. वरचं खाणं दिवसाच्या एकूण उष्मांकांच्या १० टक्क्यांपुढे जाऊ नये.

वेळ कोणती? पिल्लाला दमवून मग भेट घाला, असं सर्रास सांगितलं जातं. ते अर्धंच खरं आहे. या वयाची पिल्लं दिवसात १८ ते २० तास झोपतात. झोप अपुरी राहिलेलं पिल्लू लहान मुलासारखं चेकाळतं आणि जास्त चावतं. झोपून उठलेलं, लघवी झालेली, थोडं खेळलेलं आणि पोट अजून भरायचंय, अशी वेळ धरा. संध्याकाळी पिल्लांना घरभर पळायची लहर येते, तेव्हा तर गेटपाशीही नेऊ नका.

गेटपाशी सलग ३-४ दिवस शांततेत गेले की एकाच खोलीत या. पिल्लू पट्ट्यावर, आपल्या चटईवर, चघळायला काहीतरी घेऊन, मांजर मोकळं. पट्टा सैल राहिला पाहिजे, कारण तो ताणला की पिल्लाचा जोर उलट वाढतो. हेही जमलं की २-३ मीटरची हलकी दोरी हार्नेसला लावून जमिनीवर घासत राहू द्या. तिच्या टोकाला हात घालायचा फास नसावा, नाहीतर ती खुर्चीच्या पायात अडकते. तुम्ही समोर नसताना दोरी काढून ठेवा.

दिवसांचं गणित मांजर ठरवतं. धीट मांजराला आठवडा पुरतो. तुमच्या बोक्याला दीड-दोन महिने लागले तरी काही चुकलं असं नाही. दोन्ही मांजरांचा वेगही वेगळा असेल, तेव्हा घाई करायची नसेल तर बोक्याच्या चालीनं चला.

प्रश्न : पिल्लू शेपटी हलवत, पुढचे पाय खाली टेकवून मांजराला खेळायला बोलावतं. मांजर मात्र शेपटी हलवता हलवताच पंजा मारते. शेपटी हलवते म्हणजे ती खूश ना?

उत्तर : नाही, आणि बहुतेक घरांतली पहिली चकमक याच गैरसमजातून होते. मांजराची शेपटी सटासट हलू लागली किंवा जमिनीवर आपटू लागली की ते वैतागलेलं असतं. खूश मांजर शेपटी सरळ उभी ठेवून, टोक किंचित वाकवून येतं. पिल्लाचं पुढून वाकणं, मागचा भाग वर काढणं, अचानक उडी मारून थबकणं हे कुत्र्यांच्या भाषेत खेळाचं आमंत्रण आहे. मांजराला ते झेप घ्यायची तयारी वाटते. उलट मांजर पाठीवर लोळून पोट दाखवतं, तेव्हा पिल्लू त्याला शरणागती किंवा खेळ समजून नाक खुपसतं. पण त्या अवस्थेत मांजराचे चारही पंजे आणि दात मोकळे असतात.

मांजराकडे बघताना क्रम लक्षात ठेवा. आधी कान बाजूला वळतात, मग पाठीवरची कातडी थरथरते, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होतात, शेपटी आपटते, मग फिस्कारणं आणि शेवटी पंजा. कान वळले की तिथेच पिल्लाला हाक मारून बाजूला घ्या. फिस्कारण्यावर मांजरीला रागावू नका. ती लांब राहायची सूचना देते आहे. ती सूचना दाबली तर पुढच्या वेळी न फिस्कारता पंजा येईल.

पिल्लाच्या बाबतीत आवाजापेक्षा शांतता घातक. सैल अंगानं, तोंड उघडं ठेवून, वाकडंतिकडं उड्या मारणारं पिल्लू आवरता येतं. तोंड मिटलेलं, मान पुढे ताणलेली, एक पाय उचललेला, पापणी न लवता रोखलेली नजर, हे दिसलं की भेट तिथेच संपवा.

प्रश्न : चार महिन्यांचं पिल्लू मांजर दिसलं की पाठलाग करतं. घरातले म्हणतात, एकदा मांजरानं ओरबाडलं की आपोआप शिकेल. हे बरोबर आहे का?

उत्तर : हा जुगार आहे, आणि पणाला पिल्लाचा डोळा लागतो. मांजराचं नख बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यात रुतलं तर जखम बाहेरून टाचणीच्या टोकाएवढी दिसते, पण आत संसर्ग होऊन डोळा जाऊ शकतो. पग, शिह त्झू अशा बाहेर आलेल्या डोळ्यांच्या जातींत धोका जास्त. पिल्लू एक डोळा मिटून ठेवत असेल, पाणी गळत असेल किंवा पंजानं डोळा चोळत असेल, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा; घरातले जुने थेंब घालू नका. स्टिरॉइड असलेले थेंब अशा जखमेवर पडले तर ती चिघळते.

शिवाय मार खाऊन पिल्लू शिकतंच असं नाही. एखादं घाबरतं, एखादं पुढच्या वेळी जास्त जोरात चाल करतं. पाठलागाची गंमत अशी की त्याचं बक्षीस त्यातच असतं. मांजर पळालं म्हणजे पिल्लाला खाऊ मिळाल्यासारखंच. म्हणून दर पाठलागामागे सवय पक्की होते, आणि दिवसातून पाच वेळा समजावलं पण एकदा पाठलाग होऊ दिला तर तो एकच पाठलाग जिंकतो. पुढचे काही आठवडे तो होऊच द्यायचा नाही, म्हणजे पिल्लू गेटमागे, दोरीवर किंवा क्रेटमध्ये (त्याच्या पिंजऱ्यात). चौथी जागा नाही.

पाठलाग सुरू झालाच तर ओरडत मागे धावू नका. पिल्लाला वाटतं, तुम्हीही शिकारीत सामील झालात. दोरीवर पाय ठेवा, मूठभर खाऊ त्याच्या नाकासमोर जमिनीवर विखरून टाका आणि तो हुंगण्यात गुंतला की शांतपणे दुसऱ्या खोलीत न्या.

‘सोड’ हा शब्द मांजराशिवाय शिकवा. बंद मुठीत खाऊ धरा. पिल्लू चाटेल, नखं मारेल, गप्प राहा. त्यानं तोंड मागे घेतलं की ‘छान’ म्हणून दुसऱ्या हातातला खाऊ द्या. मुठीतला खाऊ कधीच द्यायचा नाही, ही यातली मेख आहे. हे जमलं की उघडा तळहात, मग जमिनीवरचा खाऊ, मग लोळत जाणारा चेंडू, आणि सगळ्यात शेवटी दोरीवर असताना, लांबून चालत जाणारं मांजर. चेंडूच्या पायरीवर घाई केली की मांजरापुढे शब्द हमखास फसतो, कारण पिल्लाला ओढ हलणाऱ्या वस्तूची असते.

मांजराची नखं मात्र आधीच कापून घ्या. पंजा हलका दाबला की नख बाहेर येतं. आतला गुलाबी भाग सोडून फक्त टोकाचा १-२ मिलिमीटर बाक उडवायचा.

प्रश्न : पिल्लू लिटर बॉक्समधली मांजराची विष्ठा खातं. झाकणाचा बॉक्स घेऊ का?

उत्तर : नको. झाकणाच्या बॉक्सला तोंड एकच. पिल्लू त्या तोंडाशी उभं राहिलं की मांजर आत सापडतं, आणि असं दोनदा झालं तर ते बाहेर गादीवर जायला लागतं. मांजराच्या खाण्यात प्रथिनं आणि चरबी भरपूर, त्यामुळे त्याच्या विष्ठेचा वास पिल्लाला खाण्यासारखाच लागतो. खोड मोडायच्या भानगडीत न पडता पोच तोडा. पिल्लू मांजरापेक्षा मोठं असेल तर दार १०-१२ सेंटीमीटरच उघडं राहील अशी कडी लावा. लहान असेल तर फटीतून तेही जाईल. अशा वेळी दाराला किंवा फळीला जमिनीपासून ३० सेंटीमीटर वर १५-१८ सेंटीमीटरचं चौकोनी भोक पाडा, मांजर उडी मारून आत जातं. म्हातारं किंवा सांधे दुखणारं मांजर असेल तर उडीची सोय कामाची नाही, त्याला बंद गेटमागे जमिनीवरच जागा द्या.

बॉक्समधली, ओली झाली की गोळा होणारी माती पिल्लानं भरपूर गिळली तर आतडं तुंबू शकतं. उलट्या, फुगलेलं पोट, शी न होणं, यांपैकी काहीही दिसलं की थांबू नका. आणि वाट्यांची अदलाबदल दोन्ही बाजूंनी टाळा. मांजराच्या खाण्यानं पिल्लाला जुलाब होतात. कुत्र्याच्या खाण्यात मांजराला लागेल तेवढं टॉरिन हे पोषक द्रव्य असेलच असं नाही, आणि दीर्घकाळ ते कमी पडलं तर मांजराचं हृदय आणि दृष्टी बिघडते.

प्रश्न : पिल्लाच्या अंगावर पिसवा निघाल्या. मानेवर लावायचं औषध आणलंय. तेच थोडं मांजरालाही लावलं तर?

उत्तर : थेंबभरही लावू नका, आणि आधी वेष्टनावरचा घटक वाचा. कुत्र्यांच्या अनेक औषधांत परमेथ्रिन हे कीटकनाशक असतं. मांजराच्या यकृताला ते नीट निकामी करता येत नाही. कुत्र्याला काही न करणारी मात्रा मांजराला झटके आणते. विषबाधा व्हायला ते मांजराला लावायलाच हवं असंही नाही, औषध ओलं असताना ते पिल्लाला चिकटून झोपलं किंवा त्याला चाटलं तरी पुरतं. मांजर असलेल्या घरात परमेथ्रिन आणूच नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. डॉक्टरांना ‘घरात मांजर आहे’ हे वाक्य आवर्जून सांगा आणि दोघांसाठी वेगवेगळी, वजनानुसार औषधं घ्या.

चुकून लागलंच तर मांजराचे कान फडफडतात, कातडी थरथरते, तोल जातो, मग आकडी येते. मांजर शुद्धीत आणि आकडीविना असेल तर कोमट पाण्यानं आणि भांडी घासायच्या सौम्य द्रव साबणानं ती जागा धुवा, पुसून उबेत ठेवा आणि लगेच दवाखाना गाठा. गरम पाणी वापरू नका. त्यानं कातडीतून औषध जास्त शोषलं जातं. घरी उलटी करवण्यात वेळ घालवू नका.

पिसवांबरोबर फीतकृमीही येतो, तेव्हा जंताचं औषध दोघांनाही लागेल. नव्या पिल्लाच्या अंगावर केस गळालेले गोल चट्टे दिसले तर ते गजकर्ण असू शकतं. ते मांजराला आणि माणसालाही लागतं. पार्व्हो या कुत्र्यांच्या विषाणूचे आजचे प्रकार मांजरांनाही बाधू शकतात, म्हणून मांजराची पॅनल्युकोपेनियाची (मांजरांमधल्या तशाच विषाणूच्या आजाराची) लस राहून गेली असेल तर पिल्लू येण्याआधी पूर्ण करा. रेबीजची लस दोघांनाही हवीच.

प्रश्न : पिल्लू येऊन दोन दिवस झाले, मांजर पलंगाखालून बाहेर येत नाही, जेवलेलंही नाही. वाट बघू का?

उत्तर : लपण्याची वाट बघा, उपाशी राहण्याची नाही. मांजरानं २४ तास काहीच खाल्लं नाही तर डॉक्टरांना कळवा. तुमचे दोन दिवस उलटले आहेत, म्हणजे आजच दाखवा. उपाशी मांजराच्या, विशेषतः लठ्ठ मांजराच्या, यकृतात चरबी साचते आणि ते जिवावर बेततं. बोका असेल तर लघवीकडे लक्ष द्या. पुन्हापुन्हा बॉक्समध्ये बसणं, कुंथणं, ओरडणं, थेंबच येणं किंवा काहीच न येणं म्हणजे मूत्रमार्ग तुंबला असण्याची शक्यता असते. तेव्हा रात्र असली तरी निघा. ताणानं मांजरांचं मूत्राशय सुजतं, आणि घरात नवा प्राणी येणं हे ताणाचं ठरलेलं कारण आहे.

घरी आल्यावर पिल्लू पुन्हा बंद दारामागे. मांजराला पलंगाखालून ओढू नका, त्याचं पाणी, खाणं आणि बॉक्स त्याच खोलीत द्या.

प्रश्न : आमचं मांजर म्हणजे १० आठवड्यांचं पिल्लूच आहे. दोन्ही लहान, मग एकत्र वाढवायला सोपं ना?

उत्तर : ओळख सोपी, सांभाळणं अवघड. मांजराचं पिल्लू लवकर रुळतं, पण घाबरून पळायचं भान त्याला कमी असतं. १ किलोच्या जिवावर ६ किलोच्या पिल्लाचा खेळकर पंजा पडला तरी हाड मोडू शकतं. पायऱ्या त्याच ठेवा, फक्त नजर जास्त हवी.

प्रश्न : तीन महिने झाले. दोघं एकमेकांकडे बघतही नाहीत, कधीकधी एकाच खोलीत झोपतात. आता त्यांना एकटं सोडून कामावर जाऊ का?

उत्तर : एकमेकांकडे दुर्लक्ष करणं हा उत्तम निकाल आहे, एकत्र झोपायलाच हवं अशी अपेक्षा ठेवू नका. पण एकटं सोडायला थोडं थांबा. साधारण ६ ते १२ महिन्यांच्या वयात कुत्रा ताकदीनं वाढतो, शिकवलेलं विसरल्यासारखं करतो, आणि सुटलेला पाठलाग या काळात परत डोकं काढतो. टेरियर किंवा ग्रेहाउंडसारख्या शिकारी जातीत जास्तच. तेव्हा कुत्रा वर्षाचा होईपर्यंत तुम्ही नसताना मध्ये बंद दार राहू द्या.

त्यानंतर सुरुवात १० मिनिटांनी करा, खोलीत कॅमेरा किंवा जुना फोन लावून. परतल्यावर रेकॉर्डिंगमध्ये बघायचं ते एवढंच: मांजर जमिनीवरून चालत गेलं का, की पूर्ण वेळ फळीवरच होतं? जमिनीवरून, शेपटी वर ठेवून गेलं आणि कुत्र्यानं मान उचलून पुन्हा खाली टेकली, असं ४-५ वेळा दिसलं तर वेळ अर्ध्या तासावर न्या, मग दोन तासांवर. मांजर खाली उतरलंच नसेल तर दार पुन्हा बंद. जेवण आणि चघळायची हाडं मात्र एकटं सोडताना कधीच बाहेर ठेवू नका. एरवी गुण्यागोविंदानं राहणारे दोघंही वाटीवरून भांडतात.